विंचूरची लाल वाईन

लासलगाव कांद्याचे, पण शेजारच्या विंचूरला राज्याच्या २००१च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर एमआयडीसीचे वाईन पार्क उभे राहिले.

याच निफाड तालुक्यातली खायची थॉमसन, सोनाका द्राक्षे लाल वाईनला चालत नाहीत. तिला लागतात शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यॉनसारखी काळी वाणे: मणी लहान, साल जाड, आत बिया. गर फिकाच असतो. रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो, म्हणून रस सालींसकट आंबवतात. वर तरंगणाऱ्या साली दिवसातून दोन-तीनदा खाली दाबाव्या लागतात. लहान वायनरीत हे हातानेही करतात, आणि चांगल्या वाईनची खरी मेहनत इथेच आहे.

या वेलींची फळासाठीची म्हणजे गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, काढणी साधारण जानेवारी ते मार्च. युरोपात त्या वेळी वेली निष्पर्ण असतात.

पेल्यात ओतताना लाल वाईनचे तापमान १६ ते १८ अंश असावे. नाशिकच्या उन्हाळ्यात बाटली आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवाच.