हळदीच्या पोत्यात सोयाबीन

वसमतच्या बाजारात 'हळद' अशी चिठ्ठी लावलेले पोते उघडले, तर आत हळदच निघावी अशी आपली अपेक्षा असते. संगणकाच्या प्रोग्रॅममध्येही अशी पोती असतात. पोत्यात माल कसा भरायचा व कसा काढायचा, हे एकदाच लिहून ठेवायचे. माल कोणता, ते वापरताना सांगायचे. अशा साच्याला 'जेनेरिक क्लास' म्हणतात. जावा या भाषेत ही सोय २००४ साली आली. 'पोते<हळद>' म्हणजे हळदीचे पोते, 'पोते<शेतमाल>' म्हणजे शेतमालाचे.

आता एक कोडे. हळद हा शेतमालच आहे. मग 'पोते<शेतमाल>' मागितले असता 'पोते<हळद>' दिले तर चालेल का? आपण म्हणू, का नाही? पण प्रोग्रॅम तपासून त्याचे भाषांतर करणारा कंपायलर आपल्याला अडवतो. 'प्रकार जुळत नाहीत,' असे तो सांगतो.

त्याचे बरोबर आहे. ज्याच्या हाती शेतमालाचे पोते आहे, त्याला त्यात कोणताही शेतमाल टाकण्याची मुभा असते. समजा, त्याने सोयाबीन टाकले. पोते तर आपल्या हळदीचेच! पुढे हळद समजून हात घालणाऱ्याच्या हाती सोयाबीन येईल.

मग चूक दुरुस्त कशी करावी? प्रथम स्वतःला विचारा : या पोत्यातून माल फक्त काढायचा आहे, की त्यात टाकायचाही आहे?

फक्त काढून वजन करायचे असेल, तर 'पोते<? एक्स्टेंड्स शेतमाल>' असे मागा. याचा अर्थ, कोणत्या तरी एका शेतमालाचे पोते. आता हळदीचे पोते चालते. मात्र त्यात माल टाकू दिला जात नाही. उलट, फक्त हळद टाकायची असेल, तर 'पोते<? सुपर हळद>' असे मागा. येथे हळदीचे पोते चालते आणि शेतमालाचेही. दोन्ही कामे करायची असतील, तर प्रकार तंतोतंत जुळलाच पाहिजे. (एक्स्टेंड्स व सुपर हे शब्द प्रोग्रॅममध्ये रोमन लिपीत लिहावे लागतात.)

काही जण प्रकार जबरदस्तीने बदलून कंपायलरला गप्प करतात. त्याने चूक जात नाही, फक्त लपते. आणि प्रोग्रॅम चालू असताना, नको त्या वेळी वर येते.

चिठ्ठी नसलेला आकडा किती महाग पडतो, ते 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' या अमेरिकी यानाने दाखवले. एका प्रोग्रॅमने आवेग पौंड-सेकंदांत दिला, दुसऱ्याने तो न्यूटन-सेकंद समजून वापरला. फरक सुमारे ४.४५ पट! २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचताच यान गमावले. भौतिकीच्या उत्तरात एकक लिहिले नाही म्हणून शिक्षक गुण कापतात, ते उगीच नव्हे.

आता हे सोडवा : 'पोते<? सुपर हळद>' म्हणून मिळालेल्या पोत्यातून काढलेला माल हळदच असेल, असे खात्रीने म्हणता येईल का? कारण द्या.