उशीर झाला म्हणून वाचले

एखादा भयंकर गुन्हा घडला की आमच्या बार रूममध्येही बोलणं सुरू होतं: तारखा कशाला, सरळ फासावर द्या. फौजदारी वकिली करणाऱ्यांच्या तोंडी हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण केसचे कागद कसे तयार होतात ते आम्ही रोज पाहतो. मी सत्र न्यायालयात आरोपींची बाजू मांडते. बहुतेकांना वकील परवडत नाही, त्यांच्या केसेस विधी सेवा प्राधिकरणाकडून माझ्याकडे येतात. फाशी कायद्यातून पूर्णपणे काढून टाकावी असं माझं मत आहे, आणि ते पक्कं झालं महाराष्ट्रातल्याच एका निकालामुळे.

जून 2003 मध्ये एका झोपडीवर दरोडा पडला. पाच माणसं मारली गेली, बलात्कार झाला. जबर जखमी झालेली आई आणि तिचा मुलगा वाचले. पोलिसांनी भटक्या समाजातले सहा मजूर पकडले. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने 2007 मध्ये तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. एप्रिल 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही परत फाशीच दिली. म्हणजे तीन पायऱ्या, आणि एकाही पायरीवर कुणाला हे आरोपी निर्दोष वाटले नाहीत. सहांपैकी एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही फार उशिरा मान्य झालं.

पुनर्विचार याचिका फेटाळल्या गेल्या होत्या. पण 2014 मध्ये घटनापीठाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणात अशी याचिका खुल्या न्यायालयात ऐकली पाहिजे. त्यामुळे प्रकरण पुन्हा उघडलं, आणि 5 मार्च 2019 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं.

कागदांत काय होतं? पोलिसांकडे रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम असतो. घटनेनंतर लगेच तो त्या आईसमोर ठेवला गेला होता आणि तिने त्यातल्या चार फोटोंवर बोट ठेवलं होतं. ते चौघे म्हणजे हे सहा जण नव्हेत. दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवलेला तिचा हा जबाब सरकार पक्षाने दाबून ठेवला. त्या चौघांना ना अटक झाली, ना त्यांचा तपास. पुढे ओळख परेडमध्ये आणि कोर्टात तिने या सहा जणांना ओळखलं, आणि शिक्षेला तेवढं पुरलं. मी त्या बाईला दोष देणार नाही. तिचं घर डोळ्यांदेखत संपलं होतं. ज्यांच्यावर तिने पहिलं बोट ठेवलं त्यांचा शोध घेणं हे पोलिसांचं काम होतं, आणि तिच्यावरचा हा अन्यायही मला तितकाच मोठा वाटतो.

आरोपी गरीब, भटक्या जमातीतले आहेत, त्यामुळे त्यांना खोटं गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयाने निकालात लिहिलं. हे मी पालांवरून उचलून आणलेल्या पोरांच्या केसेसमध्ये पाहिलं आहे. गुन्हा कुठेही होवो, पोलिसांची गाडी आधी वस्तीवर जाते. मग पंच ठेवणीतले, जप्ती ठरलेली. न्यायालयाने प्रत्येकाला राज्य सरकारकडून 5 लाख रुपये द्यायला सांगितलं. जवळपास 16 वर्षांचे 5 लाख! पण ते घ्यायला माणसं जिवंत होती, आणि ती केवळ तारखा लांबल्यामुळे.

ज्यांच्या तारखा लांबल्या नाहीत त्यांचं काय झालं? राजस्थानातला रावजी. मे 1993 मधला गुन्हा, डिसेंबर 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, 4 मे 1996 ला फाशी. तीन वर्षंही पुरी झाली नाहीत. खून त्यानेच केले याबद्दल वाद नव्हता. पण शिक्षा ठरवताना गुन्हा बघायचा, गुन्हेगाराची परिस्थिती बघायची नाही, असं त्या निकालात म्हटलं होतं, आणि ते 1980 च्या बच्चन सिंग निकालाच्या उलट होतं. ही चूक सर्वोच्च न्यायालयाने 13 मे 2009 रोजी स्वतःच मान्य केली. तेव्हा रावजीला जाऊन 13 वर्षं झाली होती. त्या सहा जणांना एप्रिल 2009 मध्ये फाशी देताना याच रावजी निकालाचा आधार घेतला होता. 2012 मध्ये 14 निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना लिहून अशा चुकीच्या आधारावर फाशी सुनावलेल्यांची शिक्षा कमी करण्याची विनंती केली.

इंग्लंडमध्ये टिमथी इव्हान्सला तर अटकेपासून फासापर्यंत तीन-साडेतीन महिनेच लागले. 9 मार्च 1950 ला त्याला लटकवलं. त्याच्याविरुद्धचा मुख्य साक्षीदार होता त्याच घरात राहणारा जॉन क्रिस्टी. 1953 मध्ये त्या घरात आणखी प्रेतं सापडली, आणि इव्हान्सच्या बायकोलाही आपणच मारल्याची कबुली क्रिस्टीने दिली. इव्हान्सला माफी मिळाली ती 1966 मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी ब्रिटनने खुनासाठीची फाशी थांबवली होती.

आपल्या विधिमंडळाने महिलांवरच्या अत्याचारांसाठीचं ‘शक्ती’ विधेयक मंजूर केलं, त्यात फाशीची तरतूद होती आणि मूळ मसुद्यात खटला 30 दिवसांत संपवायचा होता. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने तो कायदा झाला नाही. मला त्या 30 दिवसांची धास्ती वाटत होती. दाबलेला जबाब 30 दिवसांत कोण शोधणार? तोही आरोपीला स्वतःचा वकील नसताना?

न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या विधी आयोगाने 2015 मध्ये फाशी रद्द करावी अशी शिफारस केली, पण दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळून. डॉ. आंबेडकरांनी 1949 मध्ये घटना समितीत फाशी रद्द करण्याच्या बाजूने मत मांडलं होतं, तेव्हा असा अपवाद केलेला नव्हता. मलाही तो अपवाद पटत नाही. कुणाला तरी पकडून दाखवण्याचा दबाव सर्वांत जास्त असतो तो याच खटल्यांत. 2002 च्या अक्षरधाम हल्ल्याच्या प्रकरणात तिघांना फाशी झाली होती, गुजरात उच्च न्यायालयाने ती कायमही केली होती. 16 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांसह सहा जणांना निर्दोष ठरवलं आणि तपास यंत्रणेवर कडक ताशेरे ओढले. आयोगाची शिफारस तशीच्या तशी कायद्यात उतरली असती, तरी या तिघांच्या गळ्यातला फास सुटला नसता.