चहाची साक्ष

कॉफीने यकृताचा कर्करोग टळतो असे वाचले, मग आमच्या चहानेच काय पाप केले आहे, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे. आणि ती दिसते त्याहून पुष्कळ मार्मिक आहे, कारण या प्रकरणात चहाचीच साक्ष मला सर्वांत मोलाची वाटते.

दोन्ही पेयांची तरतरी कॅफीनची, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु ते द्रव्य ज्याने प्रथम वेगळे केले त्या फ्रीडलीब रुंगे याचे स्मरण कोणी करीत नाही. १८१९ साली येना येथे, वनस्पतीच्या अर्काने डोळ्याची बाहुली कशी विस्फारते हे या पंचविशीतल्या तरुणाने, चक्क मांजर काखोटीस मारून, महाकवी गटे यांस दाखविले, तेव्हा प्रसन्न झालेल्या कवीने आपल्या संग्रहातील कॉफीच्या बिया त्याच्या हाती ठेवून त्यांचेही पृथक्करण करावयास सुचविले, आणि त्यातून कॅफीन निघाले. पुढे डांबरातून ॲनिलीन शोधून काढणारा हा रसायनज्ञ १८६७ साली विपन्नावस्थेत वारला, ही गोष्ट मनाला लागून राहते. चहातल्या द्रव्यास १८२७ मध्ये ‘थीन’ असे निराळे नाव मिळाले होते. ते कॅफीनच, अशी रुजुवात मागाहून झाली.

जपानात मानामी इनोउए व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ९०,००० स्त्रीपुरुषांचा दहा वर्षे माग ठेवून २००५ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत रोज कॉफी पिणाऱ्यांमध्ये यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण, ती क्वचितच पिणाऱ्यांच्या मानाने, जवळजवळ निम्मे आढळले. हिरव्या चहाचा मात्र असा संबंध दिसला नाही.

आता शंका अशी की, कॅफीनचा निचरा यकृतच करीत असल्यामुळे, ज्याचे यकृत आतून पोखरले जात आहे त्याच्या रक्तात ते रेंगाळते, झोप उडते, आणि रोगाचे निदान होण्यापूर्वीच तो आपसूक कॉफी सोडतो; तेव्हा कॉफी नसल्यामुळे यकृत बिघडले, की यकृत बिघडल्यामुळे कॉफी सुटली? येथे चहा साक्षीस उभा राहतो. हेच कारण असते, तर चहाही सुटला असता, आणि चहा पिणारेही तितकेच निरोगी दिसले असते. तसे झाले नाही. हिरव्या चहाच्या पेल्यात कॅफीन कमी असते, म्हणून संशय पुरता फिटत नाही, पण त्याचे बळ खचते. शिवाय कॅफीन काढलेल्या कॉफीतही हा संबंध, काहीसा क्षीण का होईना, नंतरच्या पाहण्यांत आढळला. म्हणजे श्रेय एकट्या कॅफीनचे नव्हे, भाजलेल्या बीतील इतर द्रव्यांचाही त्यात वाटा असावा.

एवढ्यावरून कॉफीस औषध म्हणणे मला मान्य नाही. यकृताच्या कर्करोगामागे बहुधा हेपटायटिस ‘बी’ व ‘सी’ हे विषाणू आणि मद्य असते, आणि ‘बी’वर लस उपलब्ध आहे. १९९१ साली मूत्राशयाच्या कर्करोगावरून कॉफीस संशयितांच्या यादीत घालणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये तिला त्यातून मुक्त केले, मात्र त्याच वेळी ६५ अंश सेल्सिअसहून अधिक कढत पेये अन्ननलिकेस बहुधा घातक असल्याचे नमूद केले. तेव्हा वाचकाने चहा खुशाल प्यावा. बशीत ओतून, निववून प्यावा.