पावसाळ्यातील पोथी

आषाढ शुद्ध एकादशीस चातुर्मास लागे आणि घरातील पोथी फळीवरून खाली येई. शेतातील घाई ओसरलेली, वाटा चिखलाने अडलेल्या. असा सक्तीचा निवांतपणा वाचनाला अन्य ऋतूत क्वचितच लाभे. श्रीधराचा ‘हरिविजय’ (१७०२) हा या दिवसांचा खरा सोबती. त्याचे अध्याय ३६. रोज एक म्हटला तरी महिन्याहून अधिक पुरे. एकाने ओवी म्हणावी, अर्थ सांगावा, बाकीच्यांनी वाती वळीत ऐकावे. पुण्य लाभो वा न लाभो, अक्षरओळख नसलेल्या असंख्य स्त्रियांच्या पदरी वाङ्मय पडले ते याच वाटेने. उद्या पुढे काय होणार, ही ओढ त्यांनाही होतीच!

शरदात आभाळ निवळते, तसे वाचनही मोकळे होते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि फराळाशेजारी कथा-कवितांना जागा मिळाली. इंदूर-बडोद्याकडील मराठी घरांत या अंकांचे मोल अधिक. मुलांची शाळा हिंदी वा गुजराती. छापील मराठी पुष्कळदा इथेच भेटते. अशा घरी आजी एखादी कथा मोठ्याने वाचते, तेव्हा शेजारी बसलेला नातू अक्षरे जुळवण्याआधीच शब्द ओळखू लागतो.