सानपाड्याचा राउटर, रायपूरचा ओटीपी

गुढियारीच्या ठोक बाजारात हिशेब सांभाळणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आला आणि तो सोडवत नाही. रायपूर स्टेशनचं एक दार गुढियारीकडे उघडतं; गाडीची वाट बघताना हे गृहस्थ फलाटावरचं फुकट वायफाय वापरतात. 'मोबाइल नंबर विचारतात, ओटीपी येतो, मगच नेट सुरू होतं. म्हणजे काळजी नाही ना?'

काळजी आहे. ओटीपी मुळात आला कशासाठी, हे समजायला नवी मुंबईत जावं लागतं.

26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत स्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. आयपी पत्त्याचा माग काढत दहशतवादविरोधी पथकाची (एटीएस) माणसं सानपाड्यात एका अमेरिकन नागरिकाच्या घरी पोचली. त्याचं वायफाय सताड उघडं होतं. घरातला मोबाइल असो की इमारतीखाली लॅपटॉप उघडून बसलेला परका माणूस, राउटर दोघांनाही बाहेरच्या जगात एकाच पत्त्यावर उभं करतो. पोलिसांना घर सापडलं. माणूस सापडला नाही. असाच धमकीचा ईमेल 23 ऑगस्टला माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला, तर 13 सप्टेंबरला, दिल्लीत स्फोट झाले त्या दिवशी, चेंबूरच्या एका कंपनीच्या.

फेब्रुवारी 2009 मध्ये दूरसंचार विभागाने सेवा पुरवणाऱ्यांना सूचना धाडल्या: सार्वजनिक वायफाय देताना ओळखपत्राची प्रत घ्या किंवा मोबाइलवर एसएमएसने लॉगिन द्या, आणि नोंद वर्षभर जपा. स्टेशनवरच्या ओटीपीचं मूळ हे. सोसायटीचा वॉचमन वहीत नाव लिहून घेतो, तसलाच हा प्रकार. कोण आत आलं हे नंतर कळतं, पण त्यामुळे तुमच्या दाराला कुलूप लागत नाही.

रायपूरला हे वायफाय एप्रिल 2016 मध्ये, पुण्याच्याच तुकडीत, गूगल आणि रेलटेलने आणलं. गूगलने 2020 मध्ये अंग काढून घेतलं, रेलटेलने ते चालू ठेवलं. असल्या नेटवर्कच्या नावापुढे फोनवर कुलपाचं चिन्ह दिसत नाही ना, तर फोन आणि अॅक्सेस पॉइंट यांच्यामधली हवा उघडी आहे असं समजावं. बँकेचं अॅप स्वतःचा मजकूर स्वतः कूटबद्ध करतं, त्यामुळे शेजारच्या बाकावरच्या माणसाला शिल्लक दिसणार नाही. आपण कोणत्या साइटवर गेलो, हे मात्र बहुतेक वेळा दिसतं. खरा धोका नावातच आहे. एसएसआयडी, म्हणजे नेटवर्कचं नाव, कुणीही काहीही ठेवू शकतो. स्टेशनचंच नाव आपल्या हॉटस्पॉटला देऊन हुबेहूब ओटीपीचं पान उभं करणं फार अवघड नाही, आणि एकदा जोडलेला फोन ते नाव दिसलं की न विचारता जोडला जातो. म्हणून गाडीत बसल्यावर सेटिंगमध्ये जाऊन ते नेटवर्क 'विसरा' करून टाकावं.

याच गृहस्थांनी जाता जाता लिहिलंय, की दुकानाच्या वायफायला पासवर्ड आहे आणि तो गल्ल्यामागे पुठ्ठ्यावर चिकटवलाय. इथे प्रश्न जास्त मजेशीर होतो. डब्ल्यूपीए2 या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत प्रत्येक फोनची किल्ली वेगळी असते खरी, पण ती पासवर्ड, नेटवर्कचं नाव आणि जोडणीच्या वेळी उघड्यावर गेलेल्या चार निरोपांमधल्या आकड्यांवरून तयार होते. पुठ्ठा वाचलेल्या गिऱ्हाइकाने ते चार निरोप टिपले, की दुसऱ्याची किल्ली त्याला बनवता येते. निरोप हुकले, तरी खोटा संदेश पाठवून तो फोन तोडता येतो. फोन पुन्हा जोडला जातो आणि निरोप पुन्हा जातात. 2018 मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए3 ने ही वाट बंद केली. नुसता पासवर्ड ठाऊक असून आता भागत नाही.

मग राउटर लगेच डब्ल्यूपीए3 वर टाकायचा का? दुकानात बहुधा बिलाचा प्रिंटर आडवा येईल. जुन्या प्रिंटरांना डब्ल्यूपीए2 च्या पुढचं काही कळत नाही. त्यापेक्षा बऱ्याच राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं, ते चालू करून पुठ्ठ्यावर त्याचा पासवर्ड लिहावा आणि हिशेबाचा कॉम्प्युटर व प्रिंटर मूळ नेटवर्कवर ठेवून तिथला पासवर्ड आजच बदलावा.