गिरडचे नारळ जीवाश्म आहेत का?

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे. तिथे शेख फरीद बाबांचा दर्गा आहे आणि टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. लोककथा सांगते, की बाबांची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्यांचा सगळा माल दगड झाला. हे त्यांचेच नारळ!

मग यांना जीवाश्म म्हणायचं का? शब्द फोडून पाहू. जीव अधिक अश्म. अश्म म्हणजे दगड. दगडात टिकून राहिलेली जिवाची खूण म्हणजे जीवाश्म. इंग्रजीतला 'फॉसिल' शब्द लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ नुसता 'खणून काढलेलं'. म्हणून पूर्वी खनिजांनाही फॉसिलच म्हणत!

गिरडच्या दगडांत मात्र जीव कधीच नव्हता. ते आहेत झिओलाइट खनिजांचे गोळे. हे नाव १७५६ साली स्वीडनच्या क्रॉन्स्टेट यांनी दिलं. तापवल्यावर या खनिजातलं पाणी वाफ होऊन निघालं आणि दगड उकळतोय असं वाटलं. ग्रीक भाषेत 'झेओ' म्हणजे उकळणे, 'लिथोस' म्हणजे दगड.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. तोच 'दख्खन ट्रॅप'. ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, बरं का! स्वीडिश भाषेत 'ट्रप्पा' म्हणजे जिना; या डोंगरांना तशाच पायऱ्या असतात. थंड झालेल्या लाव्हातल्या पोकळ्यांत पाणी झिरपलं आणि झिओलाइट तयार झाले.

तेव्हा पुस्तकात अवघड शब्द आला, की घोकू नका. आधी फोडून बघा. आणि गिरडला गेलात तर दगड जरूर पाहा, घरी मात्र आणू नका!