तिकांड्याखालची रांग

कराडच्या एका वाचकांनी विचारलंय : रोज रात्री उपग्रह पृथ्वीवरचे दिवे टिपतात, मग आम्ही गच्चीवर जाऊन चांदण्या कशाला मोजायच्या?

कारण उपग्रहाला निळं दिसत नाही! रात्रीचे दिवे टिपणारा 'व्हीआयआयआरएस' संवेदक साधारण 500 नॅनोमीटरच्या पुढचाच प्रकाश पकडतो, आणि पांढऱ्या एलईडीतला निळा भाग असतो 450च्या आसपास. पिवळा सोडियम दिवा उतरवून एलईडी चढवला, की वरून गाव मंदावल्यासारखं दिसू शकतं. खाली मात्र तोच निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो आणि आभाळ पांढुरकं होतं.

'ग्लोब ॲट नाइट' या उपक्रमानं 2006पासून ही मोजणी लोकांवरच सोपवली आहे. चंद्र नसताना मृगासारखं नक्षत्र बघायचं, ते कुठल्या नकाशाशी जुळतं ते कळवायचं. दुर्बीणही लागत नाही. संशोधक ख्रिस्तोफर कायबा आणि सहकाऱ्यांनी 2011 ते 2022 मधल्या अशा 51,351 नोंदी तपासल्या. आभाळ वर्षाला सरासरी 9.6 टक्क्यांनी उजळतंय, म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट! उपग्रहांच्या हिशेबानं ही वाढ दोन टक्क्यांच्या आसपास होती. 2023 साली हे छापून आल्यावर बातम्यांनी लगेच 'जगभर' म्हणून टाकलं. नोंदी मात्र बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या; तो आकडा कराडच्या आभाळाला डकवण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या नोंदी आपणच करायला हव्यात.

जानेवारीतल्या अमावस्येला कराडच्या प्रीतिसंगमावर दिव्यांकडे पाठ करून उभा राहिलो. मृगाचे चार पाय, मधल्या तीन चांदण्यांचं तिकांडं, व्याध, सगळं जागेवर. पण तिकांड्याखालची बारीक रांग दिसते म्हणावं की नाही, ठरेना. मग गावाबाहेर उसात गेलो. रात्रीच्या लायटीवर दारं धरणारे एक काका तिथं होते. पूर्वी घड्याळ नसायचं, तिकांडं कुठवर आलं त्यावर पाळी ओळखायचो, म्हणाले. "आता कराडच्या अंगाला बघा, पांढरंफटक. तिकडची बारकी चांदणी दिसंना झाली."

मी नकाशा पुढं केला. पंधरा मिनिटांत माझे डोळे चांगले सरावले होते; रांगेतली तिसरी चांदणी आत्ता कुठं उमटत होती. तेवढ्यात सरी फुटली. काकांनी खोरं उचललं आणि माझ्या तोंडावरच बॅटरी पेटवली.